काकूंचा पासपोर्ट कुणाकडं राहणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण घरात साठीच्या पुढचं जोडपं असेल तर वाचाच.

मागच्या आठवड्यात आमचे एक जुने गुरुजी स्टेशन रोडवरच्या माझ्या टपरीवजा ऑफिसात आले. मला चौथीला होते. नाव लिहीत नाही, केममध्ये अर्ध्या गावाला कळेलच. जिल्हा परिषदेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. सोबत काकू होत्या. गुरुजींच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, वर पुण्यातल्या एका एजंटचा शिक्का. म्हणाले, "तू पत्रकार आहेस, इंग्रजी वाचतोस. हे जरा बघ. थायलंडला जाऊन राहायचं म्हणतोय आम्ही. कायमचं."

मी आधी हसलो, खोटं कशाला सांगू. केमचा माणूस थायलंडला रिटायर होणार? पण गुरुजी गंभीर होते. पुण्यात एका हॉटेलात कार्यक्रम झाला. पडद्यावर समुद्र दाखवला, स्वच्छ हॉस्पिटल दाखवलं, चाळीस हजारात महिना निघतो असं सांगितलं. चहा आणि ढोकळा फुकट. गुरुजींचा पोरगा पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, सून नोकरीला. तिथं राहून बघितलं, जमलं नाही. इथं राहावं तर रात्री छातीत दुखलं की कुर्डुवाडी गाठायची, तिथून पुढं बार्शी नाहीतर सोलापूर. ते म्हणाले, "पेन्शन आहे, तब्येत आहे, मग चार वर्षं जग बघावं की."

आता आधी एक गोष्ट बोलून घेतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू होईल. "मातृभूमी सोडून चालले", "देशाचं मीठ खाऊन" वगैरे. थांबा. ह्याच मातृभूमीनं म्हाताऱ्यांची रेल्वेची सवलत मार्च २०२० ला काढून घेतली, ती परत दिली नाही. साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या बाईला ५० टक्के सूट होती. केम हे रेल्वेचं गाव आहे, त्या सुटीवर किती जणांचं पुण्याला पोराकडं जाणं-येणं चालायचं ते आपल्याला माहीत आहे. कारखान्यात नाहीतर सूतगिरणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ईपीएस-९५ ची किमान पेन्शन हजार रुपये मिळते. ती सप्टेंबर २०१४ ला ठरली, तिथंच आहे. तेव्हा ज्याला परवडतंय आणि जावंसं वाटतंय त्यानं जावं. माझं भांडण जाण्याशी नाहीच.

माझं भांडण त्या फॉर्ममधल्या एका चौकोनाशी आहे.

मुख्य अर्जदार: गुरुजी. खाली दुसरा चौकोन, अवलंबित: काकू. पेशा, निरंक. उत्पन्न, निरंक. बँक खातं, "पतीचे".

काकूंचा पेशा निरंक? ज्या काळात गुरुजींचा पगार पुरत नव्हता, त्या काळात ह्याच बाईनं कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरल्यात. संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा हात कोपरापर्यंत लाल, पापण्यासुद्धा लाल. आम्ही पोरं हसायचो. केमचं कुंकू पंढरपूरला जातं, तुळजापूरला जातं, सगळ्या महाराष्ट्रातल्या बाया लावतात. ते भरणारी बाई कागदावर "निरंक".

मी काकूंना विचारलं, "काकू, तुमचं काय म्हणणं?" त्या म्हणाल्या, "मला काय विचारता, ह्यांच्या फॉर्मवर माझं नाव आहे की." मग थोड्या वेळानं, गुरुजी फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा, हळूच म्हणाल्या, "माझा पासपोर्ट माझ्याकडं राहील का ह्यांच्याकडं?"

मंडळी, त्या एजंटच्या तीन तासांच्या कार्यक्रमात हा प्रश्न कुणी विचारला नसणार.

आता जरा हिशेब. थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा पन्नाशीच्या पुढच्या माणसाला मिळतो. अट अशी की बँकेत ८ लाख बात दाखवा, नाहीतर महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवा. बात अडीच रुपयाचा धरा. म्हणजे बँकेत २० लाख रुपये, नाहीतर महिन्याला १ लाख ६२ हजार. गुरुजींचा शेवटचा मूळ पगार ८० हजाराच्या आसपास होता. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे ४० हजार, वर महागाई भत्ता. उत्पन्नाच्या अटीत बसतच नाही. राहिला एकच रस्ता, ग्रॅच्युइटीचे आलेले पैसे तिकडच्या बँकेत टाकायचे. मुक्काम वर्षाचा, दर वर्षी वाढवून घ्यायचा. वाढवून घेताना पैसे दोन महिने आधीपासून खात्यात पाहिजेत, नंतरही तीन महिने हलवायचे नाहीत, आणि बाकीचं वर्ष निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. दर ९० दिवसांनी आपण कुठं राहतो ते तिथल्या इमिग्रेशनला कळवायचं. ओ-ए नावाचा जो व्हिसा इथून काढून नेतात, त्याला २०१९ पासून आरोग्य विमा सक्तीचा आहे. सत्तरीच्या माणसाला विमा कंपनी काय हप्ता सांगते ते तुम्ही इथंच विचारून बघा. काम करायला बंदी. म्हणजे काकूंनी तिकडं पापड लाटून विकायचं म्हटलं तरी बेकायदा.

हे सगळं एजंटनं सांगितलं होतं, निदान अर्धं तरी. जे सांगितलं नव्हतं ते पुढं.

एकाच्या पैशावर दोघं जाता येतात. नवरा मुख्य, बायको अवलंबित. स्वस्त पडतं, म्हणून एजंट हेच सुचवतो. पण अवलंबिताचा मुक्काम मूळ माणसाच्या मुक्कामाला बांधलेला असतो. मूळ माणूस गेला की बांधलेला दोर सुटला. उद्या गुरुजींचं तिकडं काही बरंवाईट झालं (गुरुजी पोस्ट वाचतायत, माफ करा), तर काकूंचा तिथं राहण्याचा आधारच संपला. आणि ते ८ लाख बात? ते गुरुजींच्या एकट्याच्या नावावर. माणूस गेल्याचं कळलं की तिथली बँक खातं गोठवते. मग तिथल्या कोर्टातून वारसाचा कारभारी नेमून आणायचा, त्याला महिने जातात. बँकॉकच्या कोर्टात काकू कोणत्या भाषेत बोलणार? मराठीत? बोलल्या तरी ऐकणारा कोण?

म्हणजे बघा, एकाच दिवशी बाईचा नवरा जातो, राहायचा परवाना जातो आणि पैसेही कुलपात जातात. त्यात मयत भारतात आणायची का तिथंच अग्नी द्यायचा, वकिलातीचे कागद, विमानाचा खर्च. हे सगळं कोण करणार, तर फॉर्मवर जिचा पेशा निरंक आहे ती.

स्वतंत्र व्हिसा काढता येतो का? येतो. काकूंची पन्नाशी कधीच झाली. पण मग त्यांच्या नावावर वेगळे ८ लाख बात पाहिजेत. गुरुजी म्हणाले, "अरे, आणखी वीस लाख कुठून आणू?" मी म्हणलं, गुरुजी, शेत विकून पोराला फ्लॅटचं डाऊन पेमेंट दिलं तेव्हा आले होते की. गुरुजी गप्प. मला नंतर वाईट वाटलं, पण बोललो ते बोललो.

काही जण म्हणतील थायलंडच कशाला, दुसरे देश आहेत. आहेत ना. दुबईनं २०२० मध्ये पंचावन्नच्या पुढच्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा काढला. उत्पन्नाची अट तेव्हा महिन्याला २० हजार दिरहम सांगितली होती, म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या घरात. आपल्या गुरुजींना त्या दारात कोण उभं करतंय? मलेशियानं २०२४ मध्ये नवे दर लावले, नेहमीच्या पायऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या पायरीला दीड लाख डॉलर ठेव आणि वर घर घ्यायची सक्ती. नुसती ठेवच सव्वा कोटीची. मलेशियाची योजना आपल्यासारख्यांसाठी नाहीच.

आणि ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांनाही वाटतं की आपलं काम सोपं. इंग्लंडनं जुलै २०१२ पासून म्हाताऱ्या आईबापांचा रस्ता जवळजवळ बंद केला. रोजच्या उठण्या-बसण्याला दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मायदेशात पैसे देऊनही मिळत नाही, असं सिद्ध करावं लागतं. ऑस्ट्रेलियात साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. साठीत अर्ज केला तर नव्वदीत बोलावणं. रांग आखूड करायची तर माणशी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मोजा. कॅनडाचा सुपर व्हिसा त्यातल्या त्यात बरा, २०२२ पासून एका दमात पाच वर्षं राहता येतं, पण तो पोराच्या कमाईवर आणि विम्यावर टिकलेला, आणि तो मुक्काम आहे, कायमचं घर नाही. आखातात पोरगा आईबापाला स्वतःच्या व्हिसावर नेतो. पोराची नोकरी गेली की आईबापाचंही बिऱ्हाड उठलं. एक गोष्ट मात्र अमिरातीनं चांगली केली. २०१८ मध्ये विधवा आणि घटस्फोटित बायांना, नवऱ्याचा आधार तुटल्यावरही, एक वर्ष राहू देण्याचा नियम केला. वर्षच, पण निदान कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही बाई दुसऱ्या दिवशी कुठं जाईल.

आता आपल्याकडं येतो, कारण खरं दुखणं इथलं आहे.

गुरुजींना मी विचारलं, घर कुणाच्या नावावर? माझ्या. शेत? माझ्या आणि भावाच्या. पेन्शनचं खातं? माझं. काकूंच्या नावावर काय? गॅस कनेक्शन. अहो, मग काकू थायलंडला जाऊन अवलंबित होणार आहेत असं कशाला म्हणता? त्या इथं चाळीस वर्षं अवलंबित व्हिसावरच राहतायत. फरक इतकाच की इथं नव्वद दिवसांनी हजेरी द्यावी लागत नाही. कधी कधी वाटतं ती तर रोजच द्यावी लागते.

माझ्याच घरचं सांगतो. वडील गेले तेव्हा सगळी खाती त्यांच्या नावावर. आईला स्वतःच्या संसाराचे पैसे काढायला सात महिने लागले. एका कार्यालयात साहेबानं तिला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" बत्तीस वर्षांचा संसार, कपाळ नुकतंच पुसलेलं, आणि काउंटरवर प्रश्न की तुम्ही कोण. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो, खिशात ओळखपत्र होतं, आणि मीही काही करू शकलो नाही. आई घरी येऊन म्हणाली, "खरंच रे, कागदावर मी कोण?"

कपाळावरून आठवलं. आपल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे. महात्मा फुले समाजसेवा मंडळवाले. ह्या माणसानं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की माझ्या मागं माझ्या बायकोला विधवेच्या प्रथा पाळायला लावू नका. त्यांच्याच मोहिमेतून मे २०२२ मध्ये कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कल्पना आपल्या तालुक्यातली, पाळणारं पहिलं गाव दुसऱ्या जिल्ह्यातलं. आणि कुंकवाचं गाव असलेल्या केममध्ये आपण काय केलं, हे मी विचारत नाही, तुम्हीच आठवून बघा.

पण झिंजाडेंच्या त्या स्टॅम्प पेपरची मला जी गोष्ट आवडते ती ही, की माणसानं जिवंतपणी, धडधाकट असताना, स्वतःच्या मरणानंतरच्या दिवसाचा विचार केला. तोही बायकोच्या बाजूनं. आपल्याकडं विमा एजंट सोडला तर ह्या विषयावर घरात कुणी तोंड उघडत नाही. बोललं की "अभद्र बोलू नकोस." व्हिसा निवडताना नेमकं हेच अभद्र बोलावं लागतं.

गुरुजींचा राग मला समजतो. ते म्हणाले, "आमचा चाळीस वर्षांचा संसार. मी हिला कधी काही कमी केलं का? हिशेब नवरा-बायकोत असतो का?" गुरुजी, तुम्ही कमी केलं नाही, मला माहीत आहे. तुमच्यासारखा सरळ माणूस नाही. पण तुम्ही असेपर्यंतचं हे बोलणं आहे. तिकडच्या इमिग्रेशनच्या खिडकीवर तुमचा चांगुलपणा चालत नाही, तिथं खातं कुणाच्या नावावर आहे ते चालतं. आणि इथल्या तहसीलमध्येही तेच.

उजनीचं धरण झालं तेव्हा करमाळा तालुक्यातली किती गावं पाण्यात गेली. मोबदला मिळाला तो खातेदाराला. खातेदार कोण? पुरुष. त्याच शेतात जन्मभर खुरपणाऱ्या बाईला सरकारदरबारी कुणी विचारलं नाही. काहींच्या घरात तो पैसा दोन वर्षांत मोटारसायकल आणि दारूत गेला, आणि मोल मजुरीला गेली ती बाई. तेव्हा "कागदावर कोण आहे" हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही.

एक मुद्दा प्रामाणिकपणे सांगतो, जो माझ्या विरुद्ध जातो. गुरुजी गेल्यावर काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार आहे. सुरुवातीची काही वर्षं जरा जास्त मिळू शकतं, नंतर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के. ८० हजाराचे ३० टक्के म्हणजे २४ हजार आणि वर भत्ता. इथं केममध्ये काकू त्यावर ताठ मानेनं जगतील. म्हणजे काकू पूर्ण निराधार नाहीत. पण हाच आकडा घेऊन थायलंडच्या अटीपुढं उभं राहा. ६५ हजार बातला लागतात १ लाख ६२ हजार रुपये. जी बाई केममध्ये स्वावलंबी आहे, ती तिकडं गेल्या गेल्या कंगाल ठरते.

एजंटला मी फोन केला. पत्रकार म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. विचारलं, मुख्य माणूस वारला तर? पलीकडं जरा शांतता. मग म्हणाला, "सर, तुम्ही निगेटिव्ह विचार करताय. आमचे क्लायंट एन्जॉय करतायत." मी परत विचारलं. तो म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू, आमची टीम असते." टीमचा पत्ता विचारला तर पुण्यातल्या त्याच ऑफिसचा. माणशी पंचाहत्तर हजार फी घेणाऱ्याकडं ह्या प्रश्नाला एक ओळीचं उत्तर नाही.

तेव्हा गुरुजींना मी जे सांगितलं ते इथं सगळ्यांसाठी लिहितो. कायमचा व्हिसा घ्यायच्या आधी साध्या पर्यटक व्हिसावर दोघांनी जाऊन महिनाभर राहून या. पावसाळ्यात जा, हिवाळ्यात सगळंच गोड दिसतं. तिथं काकूंना एकटीला बाजारात पाठवा, एकटीला दवाखान्यात पाठवा. जमलं तर पुढची गोष्ट. कायमचं जायचंच असेल तर दोघांचे दोन व्हिसा, दोन खाती, दोन पासपोर्ट ज्याचा त्याच्या पर्समध्ये. पैसे बाहेर पाठवायची रिझर्व्ह बँकेची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, आणि ती माणशी आहे. म्हणजे रिझर्व्ह बँकसुद्धा काकूंना पूर्ण माणूस धरते, आपणच धरत नाही. तिकडं पैसे ठेवले तर तिकडच्या कायद्याप्रमाणं मृत्युपत्र करून ठेवा. आणि दोन व्हिसाइतके पैसे नसतील तर कायमचं जाऊ नका. सहा महिन्यांतून एकदा फिरून या, फोटो टाका, आम्ही लाइक करू.

"एकाच्या पैशात दोघं" हे बसच्या तिकिटाला ठीक आहे, आणि एसटीनं तर २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट दिलंय. राहायच्या हक्काला ते चालत नाही.

गुरुजी फोल्डर माझ्या टेबलावर तसंच ठेवून गेले. रागात गेले. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, म्हणाल्या, हे विचारतायत की सातबाऱ्यावर माझं नाव लावायला काय लागतं.

काही फार लागत नाही. लक्ष्मीमुक्तीचं १९९२ चं सरकारी परिपत्रक आहे. त्याच्या आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हीच लक्ष्मीमुक्ती गावोगाव नेली होती, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन केली. नवऱ्यानं हयातीत अर्ज द्यायचा, सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव लावायचं, फेरफार होतो. घराच्या नमुना ८ वर ग्रामपंचायतीत दोघांची नावं लावता येतात, तोही साधा अर्ज. दोन्हीकडं हेलपाटे होतील, हे मी आधीच सांगतो. कुठल्या टेबलावर कागद अडला तर मला कळवा, बातमी करू.

येत्या सोमवारी सकाळी साडेदहाला मी गुरुजींबरोबर तलाठी कार्यालयात जातोय (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आपल्या तोंडात तलाठीच बसलंय). ज्यांना आपल्या मंडळींचं नाव लावायचं आहे त्यांनी यावं. दोघांची आधार कार्डं, चालू सातबारा आणि आठ अ सोबत आणा. आणि मंडळींनाही सोबत आणा, नुसती त्यांची झेरॉक्स नको.